उंची कोण बघतंय?

मे २०१०च्या अखेरीस दुबईहून पुण्याला येणारं एअर इंडिया एक्स्प्रेसचं बोइंग ७३७ मस्कतजवळ ३७ हजार फुटांवरून एकाएकी खाली जायला लागलं. मंगळूरचा भीषण अपघात होऊन जेमतेम काही दिवस झाले होते. विमानात शंभरावर प्रवासी होते. कमांडर स्वच्छतागृहात गेले होते. कॉकपिटमध्ये एकटा असलेला तरुण सहवैमानिक आपली खुर्ची पुढे सरकवत होता. सरकवताना नकळत त्याचा भार कंट्रोल कॉलमवर, म्हणजे विमानाचं नाक खाली-वर करणाऱ्या दांड्यावर पडला. विमानाने नाक खाली घातलं. तो इतका घाबरला की कमांडरना दारही उघडून देऊ शकला नाही. कमांडर आपत्कालीन कोड वापरून आत आले, त्यांनी विमान सावरलं, तोवर सुमारे सात हजार फूट उंची गेली होती. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, म्हणजे डीजीसीएच्या चौकशीत हे सगळं नोंदलं गेलं.

बातमी वाचताना हा निव्वळ एका नवख्या मुलाचा वेंधळेपणा वाटतो. पण त्याआधी ३८ वर्षं, अमेरिकेत, बहुधा याच दांड्याला असाच नकळत धक्का लागून १०१ माणसं गेली होती. तिथे कॉकपिटमध्ये नवखं कोणी नव्हतं आणि एकटंही कोणी नव्हतं.

२९ डिसेंबर १९७२ची रात्र. ईस्टर्न एअर लाइन्सचं ४०१ क्रमांकाचं विमान न्यूयॉर्कहून मायामीला पोचत होतं. लॉकहीडचं ट्रायस्टार, त्या काळातलं अत्यंत आधुनिक विमान, सेवेत येऊन फक्त चार महिने झालेलं. उतरण्यासाठी चाकं खाली केली, पण पुढचं चाक नीट अडकल्याचं सांगणारा हिरवा दिवा लागेना. कॅप्टनने मायामीच्या नियंत्रकाला तसं कळवलं आणि विमान वळवून दोन हजार फुटांवर नेलं. ऑटोपायलटला तीच उंची धरून ठेवायला सांगितलं. खाली एव्हरग्लेड्सची दलदल होती. मैलोगणती एक दिवा नाही, आकाशात चंद्रही नाही.

आता दिव्याची खटपट सुरू झाली. सहवैमानिकाने त्याचं झाकण काढलं, ते परत बसवताना तिरकं अडकलं. कॅप्टन त्यात लक्ष घालू लागला. फ्लाइट इंजिनिअर कॉकपिटच्या खालच्या कप्प्यात उतरला, चाक प्रत्यक्ष डोळ्यांनी दिसतंय का ते बघायला. सोबत प्रवास करणारा कंपनीचा तंत्रज्ञही त्याच्यामागून गेला. या गडबडीत कोणाचा तरी हात किंवा अंग कंट्रोल कॉलमला लागलं असावं, आणि ऑटोपायलटने उंची धरून ठेवणं सोडलं. विमान खाली यायला लागलं, पण इतकं हळूहळू की शरीराला काही जाणवू नये. ठरलेल्या उंचीपासून २५० फूट खाली गेल्यावर एक मंद सूर वाजला. तो वाजला इंजिनिअरच्या टेबलाजवळ, आणि इंजिनिअर तर खालच्या कप्प्यात होता. ध्वनिमुद्रणात तो सूर स्पष्ट ऐकू येतो, त्यावर कोणी काही बोलल्याचं मात्र ऐकू येत नाही.

मायामीच्या नियंत्रकाला पडद्यावर ९०० हा आकडा दिसला. त्याने विचारलं, तिकडे कसं काय चाललंय? उंचीचा उल्लेख त्याने केला नाही. कॅप्टनने सांगितलं, आम्ही वळून परत येतोय. शेवटच्या काही सेकंदांत सहवैमानिक म्हणतो, आपण उंचीला काहीतरी केलंय. पुढच्याच श्वासात तो विचारतो, आपण अजून दोन हजारावरच आहोत ना? लगेच विमान दलदलीवर आदळलं. १७६ पैकी ७५ जण वाचले. पुढचं चाक व्यवस्थित खाली आलेलं होतं. जळाले होते ते दिव्यातले दोन बारके बल्ब.

या अपघाताची चौकशी वाचताना मला सगळ्यात अस्वस्थ करणारी गोष्ट ही वाटते की कॉकपिटमधलं कोणीही कामचुकारपणा करत नव्हतं. चौघेही विमानाचंच काम करत होते आणि मन लावून करत होते. लक्ष विचलित होणं म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर गप्पा, मोबाइल, डुलकी येते. प्रत्यक्षात उंची हरवते ती बहुतेकदा योग्य, आवश्यक, कर्तव्य म्हणून केलेल्या कामात. म्हणूनच ती रोखणं इतकं अवघड आहे. गप्पांवर बंदी घालता येते. कामावर कशी घालणार?

आणि गप्पांवर बंदी खरोखरच घातली गेली. त्यामागे दुसरा एक अपघात आहे. ११ सप्टेंबर १९७४च्या सकाळी ईस्टर्नचंच एक डीसी-९ नॉर्थ कॅरोलायनातल्या शार्लटला धुक्यात उतरत असताना धावपट्टीच्या तीन मैल अलीकडे जमिनीला टेकलं. ८२ पैकी ७२ जणांचा मृत्यू झाला. ध्वनिमुद्रण ऐकणाऱ्यांना धक्का बसला, कारण उतरण्याच्या त्या मिनिटांत दोघे वैमानिक राजकारणावर आणि जुन्या मोटारींच्या खरेदी-विक्रीवर बोलत होते. मग ते खाली दिसणारा करमणूक उद्यानातला मनोरा शोधू लागले. जमीन हजार फुटांवर आल्याचा इशारा वाजला तो त्यांनी बंद केला. त्या काळी तो इशारा इतक्या वेळा विनाकारण वाजायचा की वैमानिकांना त्याचा उपद्रवच वाटायचा.

यातून १९८१मध्ये अमेरिकेत ‘स्टराइल कॉकपिट’चा नियम आला आणि पुढे तो जगभर पसरला. जमिनीवर विमान चालवताना, उड्डाण करताना, उतरताना आणि सर्वसाधारणपणे दहा हजार फुटांखाली असताना उड्डाणाच्या सुरक्षिततेशी संबंध नसलेलं काहीही करायचं नाही. नियमात कशाकशाला मनाई आहे ते वाचलं की त्या काळच्या कॉकपिटचं चित्र उभं राहतं: जेवण, अवांतर गप्पा, कामाशी संबंध नसलेलं वाचन, खाली दिसणाऱ्या प्रेक्षणीय स्थळांची घोषणा, कंपनीची जाहिरात, पुढच्या विमानाचं कनेक्शन मिळेल का याची चौकशी, स्वयंपाकघरातलं सामान मागवणं. यातल्या बऱ्याच गोष्टी वैमानिक स्वतःहून करत नव्हते. त्या कंपन्यांनीच त्यांच्या गळ्यात घातलेल्या होत्या. नियमाचं मोठेपण मला इथे दिसतं. वैमानिकाच्या तोंडाला कुलूप घालण्यापेक्षा त्याच्या मालकाला दूर ठेवणं जास्त महत्त्वाचं होतं.

तरीही खऱ्या कामाचा प्रश्न उरतोच. १९९८मध्ये नासाच्या एम्स संशोधन केंद्रातले शास्त्रज्ञ की डिसम्यूकिस, ग्रँट यंग आणि तेव्हा विमान कंपनीत कॅप्टन असलेले रॉबर्ट समवॉल्ट यांनी वैमानिकांनी स्वतः लिहून पाठवलेले १०७ अहवाल तपासले. वैमानिकांचं लक्ष खेचून घेणाऱ्या जवळजवळ सगळ्या गोष्टी चार गटांत बसल्या: बोलणं, मान खाली घालून करायचं काम, बाहेर दुसरं विमान शोधणं आणि एखाद्या बिघाडाकडे बघणं. बदल्यात सर्वांत जास्त वेळा काय राहून गेलं? विमान काय करतंय आणि शेजारचा वैमानिक काय करतोय यावर नजर ठेवणं. समवॉल्ट पुढे अमेरिकेच्या अपघात तपास मंडळाचे अध्यक्ष झाले.

नजर ठेवणं हे काम असं आहे की ते थांबलं तरी कोणाला कळत नाही. यादी अर्धवट राहिली तर कागदावर दिसते. रेडिओला उत्तर दिलं नाही तर नियंत्रक पुन्हा विचारतो. पण उंचीच्या आकड्याकडे बघायचं राहिलं तर काहीच घडत नाही, निदान पहिलं मिनिट तरी. गॅसवर दूध ठेवून फोन घ्यायला गेलेल्या माणसाला दूध विसरल्याचं भान कधीच नसतं, तसंच हे. फरक वेगाचा आहे. विमान साधारण दीड-दोन हजार फूट प्रतिमिनिट वेगाने उतरत असतं, आणि वर-खाली जाणाऱ्या दोन विमानांमध्ये ठेवलेलं अंतर फक्त हजार फूट असतं. म्हणजे अर्ध्या-पाऊण मिनिटाचं दुर्लक्ष पुरतं.

उंच आकाशात, २९ हजार फुटांच्या वर, हे अंतर पूर्वी दोन हजार फूट ठेवत. अल्टिमीटर आणि ऑटोपायलट अचूक झाले तसं ते हजारावर आणलं गेलं, भारताच्या आकाशात २००३ साली. एकाच मार्गावर जास्त विमानं मावू लागली. चुकीला उरलेली जागा अर्धी झाली.

उंची मोजतात कशी हेही इथे सांगायला हवं, कारण अनेक चुका तिथेच दडलेल्या असतात. नेहमीचा अल्टिमीटर जमिनीपर्यंतचं अंतर मोजत नाही. तो हवेचा दाब मोजतो आणि त्यावरून उंची काढतो. दाब जागोजागी आणि दिवसागणिक बदलतो, म्हणून उतरताना वैमानिकाला त्या विमानतळाचा त्या वेळचा दाब यंत्रात भरावा लागतो. वर गेल्यावर मात्र सगळी विमानं एकच प्रमाण आकडा लावतात, १०१३ हेक्टोपास्कल. ऐन पावसाळ्यात मुंबईचा दाब १००३-०४च्या आसपास असतो. समजा उतरताना तो भरायचाच राहिला आणि यंत्रावर १०१३ तसाच राहिला, तर एका हेक्टोपास्कलला साधारण २७ फूट या हिशेबाने विमान यंत्र दाखवतं त्यापेक्षा सुमारे पावणेतीनशे फूट खाली असेल. ढगात, पावसात, डोंगराकडे पाठ करून उतरणाऱ्या विमानासाठी पावणेतीनशे फूट ही फार मोठी गोष्ट आहे.

हे केवळ कागदावरचं गणित नव्हे. २३ मे २०२२ रोजी स्टॉकहोमहून पॅरिसला येणाऱ्या एका एअरबस ए-३२०ला नियंत्रकाने १००१ऐवजी १०११ सांगितलं. वैमानिकांनी तोच आकडा परत वाचून दाखवला, चूक कोणाच्या लक्षात आली नाही. पाऊस पडत होता, धावपट्टी दिसत नव्हती. कॉकपिटमधले आकडे सगळे बरोबर दिसत होते आणि विमान खऱ्या मार्गाच्या २८० फूट खालून येत होतं. धावपट्टी न दिसल्यामुळे वैमानिकांनी पुन्हा वर जायचं ठरवलं. त्या वेळी, धावपट्टीच्या सुमारे मैलभर अलीकडे, विमान जमिनीपासून अवघ्या ६ फुटांपर्यंत आलं होतं. विमानात १७२ प्रवासी होते. सगळे सुखरूप उतरले.

आकड्यांचं ऐकणं-बोलणं हा वेगळाच धोक्याचा प्रदेश आहे. अमेरिकी वैमानिकांच्या अहवालांत दहा हजार आणि अकरा हजार या जोडीचा घोटाळा सर्वांत जास्त वेळा आढळला होता. इंग्रजीत अंक सुटे उच्चारायची पद्धत आहे, त्यामुळे ‘वन झीरो’ आणि ‘वन वन’ एकमेकांत मिसळतात. १९ फेब्रुवारी १९८९ रोजी फ्लाइंग टायगर कंपनीचं मालवाहू बोइंग ७४७ क्वालालंपूरला उतरत होतं. नियंत्रकाने २४०० फुटांवर यायला सांगितलं, ‘टू फोर झीरो झीरो’. कॉकपिटमध्ये पहिला ‘टू’ म्हणजे ‘पर्यंत’ असा ऐकला गेला आणि विमान ४०० फुटांकडे निघालं. वाटेत ४३७ फुटांची टेकडी होती. जमीन जवळ आल्याचा इशारा यंत्र देत होतं, तरी विमान वर घेतलं गेलं नाही. चारही कर्मचारी गेले. आजकाल आकड्याआधी ‘उंची’ किंवा ‘फ्लाइट लेव्हल’ हा शब्द न चुकता म्हणायचा आग्रह धरतात, तो अशाच मृत्यूंमुळे.

भारताच्या आकाशातली याहून मोठी घटना म्हणजे चरखी दादरीची टक्कर. १२ नोव्हेंबर १९९६च्या संध्याकाळी दिल्लीहून धाहरानला निघालेलं सौदियाचं बोइंग ७४७ वर चढत होतं. त्याला १४ हजार फुटांपर्यंत परवानगी होती. कझाकस्तानमधल्या शिमकेंतहून येणारं इल्युशिन-७६ दिल्लीकडे उतरत होतं, त्याला १५ हजारांवर थांबायचं होतं. येण्याजाण्याचा मार्ग तेव्हा एकच होता, कारण आजूबाजूचं बरंच आकाश हवाई दलाकडे होतं. नियंत्रकाच्या रडारवर विमानं कुठे आहेत ते दिसायचं, किती उंचीवर आहेत ते दिसत नसे. उंचीसाठी तो वैमानिकाच्या शब्दावर अवलंबून होता. कझाक विमानाने १५ हजारांवर पोचल्याचं कळवलं, तेव्हा ते साडेचौदा हजारांवर होतं आणि अजून खाली येत होतं. समोरून सौदियाचं विमान येत असल्याचं नियंत्रकाने सांगितलं, १५ हजारांवरच राहायलाही सांगितलं.

कझाक विमानात रेडिओवर बोलणारा माणूस वेगळा होता. त्याच्यासमोर उंचीचं यंत्रच नव्हतं, ती बघायला त्याला वैमानिकांच्या खांद्यावरून डोकवावं लागे. परवानगी ऐकणारा एक आणि दांडा धरणारा दुसरा, अशी ही वाटणी होती. तिथल्या वैमानिकांना मीटरची सवय, इथे फुटांचा कारभार, आणि इंग्रजी तोकडं. शेवटच्या क्षणी त्या रेडिओवाल्यानेच बघितलं की विमान ठरल्यापेक्षा खाली आहे. तो ओरडला, कॅप्टनने जोर लावून विमान वर घेतलं आणि त्याची शेपटी सौदिया विमानाच्या डाव्या पंखाला धडकली. दोन्ही विमानांतले मिळून ३४९ जण गेले. हवेत झालेल्या टकरींमध्ये जगात आजवरची ही सर्वांत मोठी जीवितहानी आहे.

न्यायमूर्ती रमेशचंद्र लाहोटी यांच्या चौकशी आयोगाने कझाक विमानाला जबाबदार धरलं. ते योग्यच होतं. पण फक्त तेवढ्यावर थांबलं नाही हे मला अधिक महत्त्वाचं वाटतं. येण्याचे आणि जाण्याचे मार्ग वेगळे झाले, उंची दाखवणारं रडार आलं, आणि समोरून येणाऱ्या विमानाची सूचना देणारी, ‘चढा’ किंवा ‘उतरा’ असं सांगणारी यंत्रणा विमानांत बसवणं सक्तीचं झालं. समोरासमोर येणारी दोन जेट विमानं सेकंदाला जवळजवळ अर्धा किलोमीटर अंतर कापत एकमेकांजवळ येतात. तिथे माणसाच्या नजरेवर विसंबून चालत नाही.

यंत्रं आली तरी नजर ठेवणारा माणूस लागतोच. ८ ऑगस्ट २०१४ रोजी मुंबईहून ब्रसेल्सला निघालेलं जेट एअरवेजचं बोइंग ७७७ तुर्कस्तानावर असताना सुमारे पाच हजार फूट खाली आलं. कमांडर नियमानुसार घ्यायची विश्रांती घेत होते, सहवैमानिक टॅब्लेटवरच्या उड्डाणाच्या कागदपत्रांत गुंतले होते. खाली आल्याचं लक्षात आणून दिलं ते अंकाराच्या नियंत्रकाने. पुन्हा तेच: एक डोळे मिटून, एक मान खाली घालून, दोघेही नियमात बसणारं काहीतरी करत होते.

आज चांगल्या कंपन्यांमध्ये उंची बदलताना एक ठरलेली पद्धत पाळतात. नियंत्रकाने नवी उंची सांगितली की एक वैमानिक ती यंत्रात भरतो आणि बोट तिथेच ठेवतो. दुसरा त्या आकड्याकडे स्वतः बोट दाखवून तो मोठ्याने म्हणतो. ठरलेली उंची हजार फुटांवर आली की ‘वन थाउजंड टू गो’ असं बोलून दाखवतात आणि त्यानंतर दोघेही बाकीचं काम बाजूला ठेवतात. बिघाड झाला तर आधी स्पष्ट शब्दांत वाटणी होते: विमान तू बघ, बिघाड मी बघतो. विमान बघणाऱ्याने बल्बकडे वळूनही बघायचं नाही. बाहेरच्या माणसाला हे पोरकट वाटू शकतं. ईस्टर्नच्या त्या कॉकपिटमध्ये नेमकं हेच वाक्य कोणी उच्चारलं नव्हतं.

यातलं बरंचसं ज्ञान अपघातांतून आलं नाही, वैमानिकांच्या कबुलीतून आलं. १ डिसेंबर १९७४ रोजी टीडब्ल्यूएचं ५१४ क्रमांकाचं विमान वॉशिंग्टनच्या डलेस विमानतळाकडे येताना नियंत्रकाच्या परवानगीचा अर्थ चुकीचा लावून फार लवकर खाली आलं आणि माउंट वेदरवर आदळलं. ९२ जण गेले. चौकशीत कळलं की सहाच आठवड्यांपूर्वी युनायटेडचं एक विमान त्याच गैरसमजातून तिथेच थोडक्यात वाचलं होतं. युनायटेडने आपल्या वैमानिकांना सावध केलं होतं. टीडब्ल्यूएच्या वैमानिकांपर्यंत ते पोचलंच नाही. म्हणून १९७६मध्ये अमेरिकेने वैमानिकांना गुप्तपणे चूक कळवण्याची सोय केली आणि ती दंड करणाऱ्या खात्याकडे न देता नासाकडे दिली. चूक मुद्दाम केलेली नसेल आणि दहा दिवसांत कळवली तर त्या चुकीसाठीची शिक्षा सहसा माफ होते, आणि अहवालातून नावगाव काढून टाकलं जातं. आजवर दहा लाखांहून अधिक अहवाल तिथे जमा झाले आहेत. उंची चुकल्याच्या कहाण्या सुरुवातीपासून त्यात मोठ्या संख्येने आहेत.

आपल्याकडे अशी घटना बाहेर आली की पहिली मागणी निलंबनाची होते. २०१४च्या जेट एअरवेजच्या घटनेतही दोघा वैमानिकांना लगेच उड्डाणावरून दूर केलं गेलं. बेफिकिरीला शिक्षा हवी, याबद्दल दुमत नाही. पण तीनशे फूट खाली जाऊन सावरलेल्या, कोणालाही कळलं नसतं अशा चुकीची कहाणी आपणहून सांगणाऱ्या वैमानिकाला नोकरी जाण्याची भीती वाटत असेल, तर ती कहाणी तो सांगणार नाही आणि पुढचा वैमानिक त्याच जागी तीच चूक करेल. म्हणून ‘विमान अचानक खाली आलं’ अशी बातमी वाचताना नावं आणि शिक्षा विचारण्याआधी हे विचारा की त्या मिनिटाला त्या दोघांना आणखी कोणतं काम दिलेलं होतं, आणि चौकशीचा अहवाल बाकीच्या वैमानिकांपर्यंत पोचला का.